दाखल्यावरचं कारण

आबा, आपल्या पोरीचं नाव सांगलीला लागलं. आपली म्हणजे माझ्या लेकाची लेक, तुमची पणती. तुम्ही तिला बघितलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच चड्डी सावरत अंगणात हिंडत होता. कोरेगावच्या कॉलेजात तिनं दोन वर्षं धंद्याचं शिक्षण घेतलं, माल कसा खपवायचा, गिऱ्हाईक कसं राखायचं, असलं. आता ती विद्यापीठात गेली, तिथं ह्याच शिक्षणाची चार वर्षांची पदवी आहे. पण तिला पहिल्यापासनं बसायचं नाही. इथली दोन वर्षं तिथं धरली आणि पोरगी एकदम तिसऱ्या वर्षात. मला हे काही केल्या उमगेना. म्हटलं, एका शाळेतलं शिकलेलं दुसऱ्या शाळेत कसं चालेल? तर म्हणाली, "आज्जी, तुमी मेंढरं एका रानातनं दुसऱ्या रानात न्हेली तर ती परत कोकरं हुत्यात व्हय? तसंच हाय ह्ये." मग लगेच डोक्यात शिरलं.

परवा तिला सोडायला आम्ही तिघं गेलो, मी, ती आणि तिचा बाप. गादीची वळकटी बापानं खांद्यावर घेतली होती आणि तीन जिने चढून वर नेली, मध्ये एकदाही टेकवली नाही. खोलीत आणखी दोघी पोरी. एक पलूसची, तिच्या आईनं बेदाण्याची पिशवी दिलेली, ती सगळ्यांना मूठमूठ वाटत होती. दुसरी मिरजेची, मुसलमानाची, घरात अत्तराचं दुकान. तिनं माझं मनगट धरलं आणि कुपीतल्या अत्तराचं बोट ओढलं. दोन दिवस भांडी घासली, शेण काढलं, तरी वास गेला नाही. मी म्हटलं, "बाई गं, ह्या वयात मला नटवतीस?" तर म्हणते, "आज्जी, आता तुमीच आमच्या खोलीच्या मालकीण." मला लय हसू आलं. जिना उतरताना गुडघे दुखायचे विसरले.

एवढा आनंद, आणि आज दुपारी ताटावर बसले तर घास उतरेना. सुनेला वाटलं मला नातीची आठवण आली. "आत्या, दिवाळीला येतीय की," म्हणाली. तिला काय सांगू? माझ्या घशात तुम्ही अडकला होता, आबा. तुमच्यावर मला असा राग आला की ताट सरकवून उठले, नातीची उरलेली वही काढली आणि लिहायला बसले. माझं अक्षर तिसरीतलं, मोठं मोठं येतं, पान लगेच संपतं. संपू दे. पोरीनं चार वह्या मागं ठेवल्यात.

तुम्हाला आठवतंय का, तिसरी पास झाले ते? दिवाळी झाली की आपण माण तालुक्यातनं खाली उतरायचो, कृष्णेच्या काठानं, जिथं चारा असेल तिथं. घोड्यावर बिऱ्हाड, आईच्या कडेवर धाकटा, मी कोकरांच्या मागं. पावसाच्या तोंडाला परत गावी. तोवर शाळेत माझी जागा रिकामी. त्या वर्षी मास्तर स्वतः मेंढरांच्या वाड्यापाशी आले होते. मला ते अजून दिसतात, धोतराला कुसळं लागलेली, एकेक काढत उभे आहेत आणि तुम्हाला म्हणत आहेत, "हे बघ, पोरगी हुशार आहे. मी हिचा दाखला काढून देतो. जिथं तळ पडेल तिथल्या शाळेत नाव घाल. पुन्हा तळ हलला की तिथनं दाखला घे, पुढं घाल. मी लिहून देतो, कोण नाही म्हणणार नाही." तुम्ही हात जोडलेत. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यासमोर दाखला लिहिला. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडण्याचं कारण, दुसऱ्या शाळेत जाणेकरिता. मी त्यांच्या कोपरापाशी उभी राहून अक्षर अक्षर वाचलं. तुम्ही तो कागद चार घड्या करून मुंडाशात खोचलात, आणि मी त्या मुंडाशाकडं बघत माणाचा घाट उतरले.

पहिल्या गावात म्हटलं, "आबा, हितं शाळा हाय." तुम्ही म्हणालात, "म्होरं हाय की चांगली." दुसऱ्या गावात म्हटलं. "म्होरं हाय." तिसऱ्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरत होती, नदीच्या अंगाला. तिथं मी तुम्हाला विचारलंच नाही. कोकरं आईपाशी टाकली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. आत पोरं पाढे म्हणत होती. मला सगळे येत होते, मी बाहेरनं म्हणायला लागले. मास्तर बाहेर आले. नवीन पोरगेलेसे होते, खिशाला शाईचा डाग. "कुणाची गं तू?" मी सांगितलं. "दाखला आहे?" म्हटलं, "हाय, आबांच्या मुंडाशात हाय." ते हसले नाहीत. म्हणाले, "मग उद्या घेऊन ये. उद्याच बसवतो."

मी पळत आले. तुम्ही मेंढरांभोवती जाळी बांधत होता. मी धापा टाकत सांगितलं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उद्या तळ हालतोय. मेंढरं तुझी वाट बघत बसत्याली व्हय गं?"

आबा, दुसऱ्या दिवशी तळ हलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेतकऱ्याला मेंढरांचं खत लागत होतं, एक रान झालं की शेजारच्यानं बोलावलं, मग त्याच्या भावानं. अकरा दिवस आपण त्याच गावात होतो. रोज सकाळी देवळातली घंटा मला ऐकू यायची, आणि ती देवाची की शाळेची हे मला ओळखता यायला लागलं. अकरा दिवस. कागद तुमच्या डोक्यावर आणि शाळा हाकेच्या अंतरावर.

कोकरं राखायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी काय बिनडोक होते? मग तसं सांगायचं होतं. "पोरी, मला तू लागतीस, शाळा न्हाई जमायची," असं म्हणाला असता तर मी एक दिवस रडले असते आणि गप्प कोकरांमागं गेले असते. तुम्ही मला दोन वर्षं 'म्होरं' म्हणून चालवलंत. प्रत्येक गावाच्या शिवेवर मी केस ओले करून भांग पाडायची. आई बघायची, काही बोलायची नाही. तिला माहीत असणार. तिच्यावर मला एवढा राग येत नाही, का येत नाही ते आता नको, ते दुसऱ्या वहीत लिहीन.

तुम्ही मला नदीच्या पाण्यातनं खांद्यावर बसवून नेलंत, ताप आला तेव्हा घोड्यावरचं अर्धं बिऱ्हाड स्वतः वाहिलंत आणि मला घोड्यावर बसवलंत. ते मी विसरलेली नाही. पण आज त्याचा दिवस नाही.

आणि मुंडाशातला कागद शेवटी बाहेर आला तो कधी? तेरावं सरलं होतं मला. कोरेगावच्या अलीकडं रानात तळ होता. माणसं बघायला आली, आपल्यातलीच, पण घर-जमीन करून राहिलेली. मी पाण्याचे तांबे घेऊन उभी. तुम्ही मुंडासं सोडलंत, कागद काढलात, आणि म्हणालात, "पोरगी तिसरी पास हाय आमची. ह्यो बघा दाखला." मध्यस्थाला वाचता येत होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, वर्तणूक उत्तम. माझा सासरा खूश झाला, "सरकारी शिक्का हाय गड्या, वर्तनूक उत्तम!" सगळ्यांच्या माना डोलल्या. मास्तरांनी मी पाटी पुसून ठेवते, भांडत नाही, म्हणून लिहिलेलं ते. मग त्यानं पुढं वाचलं, सोडण्याचं कारण, दुसऱ्या शाळेत जाणेकरिता. कोणीतरी विचारलं, "कुठल्या शाळंत?" आणि तुम्ही म्हणालात, "आता सासरच्या शाळंत की!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, मांडीवर थाप मारून. आबा, मला तुम्ही दिलेलं घर चांगलं निघालं, नवरा भला माणूस होता, भाकरीला कधी कमी पडलं नाही. पण ते हसणं मी माफ केलेलं नाही. मी तांबे खाली ठेवले आणि कोणी बघत नव्हतं तेव्हा ओठ चावला, रक्त आलं. त्या दिवसापासनं मी तुमच्यासमोर कधी काही वाचलं नाही. पत्र आलं तरी म्हणायची, "मला न्हाई लागत." तुम्हाला वाटलं विसरली. मी विसरले नव्हते. मी वाण्याच्या पुडीचे कागद वाचायची, लेकाची पुस्तकं वाचायची, मग नातीची.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांनी आजच का उकरून काढलं. तर ऐका. तुमच्या नातवानं, माझ्या पोटच्या लेकानं, तेच केलं.

फलटणचं एक स्थळ आलं होतं. पोरगा साखर कारखान्याच्या ऑफिसात, घर पक्कं. लेकाच्या मनात भरलं. तोवर पोरीनं सांगलीला अर्ज करून ठेवलेला आणि तिचं नाव यादीत आलेलं. आता फक्त कोरेगावच्या कॉलेजचा दाखला नेऊन द्यायचा, शुक्रवार शेवटचा दिवस. पोरगी रोज बापाला विचारायची, "पप्पा, दाखला?" हा रोज म्हणायचा, "अजून सही व्हायचीय त्यांची." मंगळवारी ती स्वतः कॉलेजात गेली. तिथला कारकून म्हणाला, "अगं, तुझे वडील आठ दिवसांपूर्वीच घेऊन गेलेत." ती घरी आली, माझ्याशेजारी बसली आणि घेवड्याच्या शेंगा सोलायला लागली. दाणे सालींच्या ढिगात टाकायची आणि साली सुपात. मला माहीत होतं, आबा. लेकानं कागद कपाटात ठेवताना मी बघितलं होतं. मी आठ दिवस गप्प बसले. माझ्या डोळ्यांत औषध तीच घालते, रात्री पाठीला तेल तीच लावते, फलटण सांगलीपेक्षा जवळ, असले हिशोब माझ्याही मनात चालले होते. पण तिचे हात बघितले, दाणे सालीत जाताना, आणि माझं डोकं भणाणलं.

लेक दूध घालून आला तशी उभी राहिले. "कागुद कुठाय?"

"कसला कागुद, आई?"

"माझ्यासंग येड्याचं सोंग घेऊ नगंस."

तो चिडला. "एकटी ऱ्हाणार सांगलीला? रविवारी ती लोकं येत्यात. दोन वर्सं शिकली, बास झालं की. सांगायला एवढं पुरं."

सांगायला! आबा, मला तुमचं मुंडासं दिसलं. तुमचाच आवाज, तुमचीच मान खाली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिता येत नाही. तो उठून निघून गेला. कपाटाला कुलूप. सून चुलीपाशी होती, गॅसपाशी म्हणा, जुनी सवय. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, चावी देव्हाऱ्यामागं हाय. म्या काय सांगितलं न्हाई." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. सोन्यासारखी सून आहे, फक्त लोणच्यात मीठ कमी घालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पोरगी कोरेगाव स्टेशनवर. कागद तिच्या फायलीत, तिनं उघडूनही बघितला नव्हता, फाईल पोटाशी धरून बसली होती. सांगलीत रिक्षा केली. ऑफिसात ही रांग. आमची पाळी आली तसा खिडकीतल्या पोरसवदा कारकुनानं दाखला वाचला, परत वाचला, आणि म्हणाला, "आजी, नवरदेव कुठाय?"

मला कळेना. त्यानं कागद आमच्याकडं फिरवला आणि बोट ठेवलं. कॉलेज सोडण्याचे कारण: विवाह.

बापानं दाखला काढताना ते लिहून दिलेलं. अजून लोकांनी पोरगी बघितली नव्हती, आणि ह्यानं शिक्क्यानिशी लग्न लावलं होतं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मागं रांगेत कोणी हसलं. मला हसण्याचा राग आहे, तुम्हाला आता माहीत आहे. मी कारकुनाला म्हटलं, "मांडव तुमच्याच दारात घातलाय बाबा. अक्षता म्हणून शिक्का मारा." तोही हसला, पण म्हणाला, "आजी, मला चालेल, मॅडमना नाही चालायचं. आत जा."

मॅडम वाईट नव्हत्या. एक विषय त्यांच्या अभ्यासाशी जुळत नाही, तो पुन्हा द्यावा लागेल म्हणाल्या, पोरगी हो म्हणाली. मग दाखल्यावर बोट. "एकच जागा शिल्लक आहे. लग्न करून मध्येच गेलीस तर ती वाया जाईल. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

पोरगी म्हणाली, "घरच्यांच्या वतीनं आज्जी आल्यात."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, माझ्या लुगड्याकडं बघितलं. "आजी, तुमच्याकडून लिहून हवं. कुणी लिहून देईल का, तुम्ही अंगठा करा."

मी म्हटलं, "पेन द्या."

सह्या मी केल्यात उभ्या जन्मात, बँकेत, तलाठ्याकडं. पण माझ्या मनातलं वाक्य सरकारी कागदावर कधी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, माझ्या नातीचे लग्न ठरलेले नाही. दाखल्यावर लिहिले ते खोटे आहे. ती येथे शिकणार आहे आणि पुरे शिकणार आहे. खाली सही केली. मॅडमनी वाचलं, आणि फाईलला टाचलं. माझ्या दाखल्यावर शाळा लिहिली होती आणि मी लग्नाला गेले. तिच्या दाखल्यावर लग्न लिहिलं होतं आणि ती शाळेत बसली. बाहेर आल्यावर मी दोन कप चहा प्यायले, एक आनंदाचा आणि एक हाताचा कापरा थांबेना म्हणून.

लेकाला घरी गेल्यावर कळलं. दोन दिवस तो गोठ्यातच जेवला. रविवारच्या लोकांना त्यानंच फोन करून नको म्हटलं, आणि निघायच्या दिवशी गादी बांधताना दोरी त्यानंच आवळली. पण हे सगळं नंतरचं. परतीच्या गाडीत आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. कराड गेलं तरी बाहेरच बघत होती. मी म्हटलं, "अगं, झालं की तुझं काम. हास की."

ती म्हणाली, "पप्पांनी माझं लगीन लिवलं, आज्जी. मी आता त्या घरात येणार न्हाई. दिवाळीलाबी न्हाई."

मग माझ्याकडं वळली. "तुमी शाळा का सोडली? तुमच्या आबांनीबी असंच केलं व्हतं ना? आपल्या घरातले बाप असलेच असत्यात ना?"

आबा, मी तोंड उघडलं होतं. सगळं जिभेवर होतं, मुंडासं, अकरा दिवस, तुमची ती मांडीवरची थाप. साठ वर्षं कोणी विचारलं नव्हतं, आणि आज विचारणारी तीच होती. पण तिच्या डोळ्यांत मला दिसलं की मी हो म्हटलं तर ती तुम्हाला आणि तिच्या बापाला एका दावणीला बांधणार, आणि बापापाशी परत कधी जेवायला बसणार नाही. त्याची चूक ही घराण्याची रीत होऊन बसणार. म्हणून मी म्हटलं, "न्हाई गं. माझा बाप तसा नव्हता."

आणि मग मला थांबता येईना. मी तिला सांगितलं, माझे आबा प्रत्येक गावात मला हाताला धरून शाळेत न्यायचे. मास्तरच घ्यायचे नाहीत, म्हणायचे चार दिवसांचे पाव्हणे तुम्ही. आबा परत परत जायचे. एकदा तर एका देवळातल्या शाळेसाठी त्यांनी अकरा दिवस तळ हलवला नाही, मेंढरं उपाशी राहिली तरी. पोरगी ऐकत राहिली. म्हणाली, "मग पप्पा असं का वागलं?" म्हटलं, "चुकला. चुकल्याला जरा वेळ दे."

त्या देवळातल्या पोरगेल्या मास्तरावर मी सगळं ढकललं. तो बिचारा उद्याच बसवतो म्हणाला होता. त्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. तुमची मागणार नाही.

हे पत्र पोरीच्या हाती पडता कामा नये, आणि तुमच्या हाती पडायची सोय नाही, तेव्हा ते ह्या वहीतच राहणार, आणि वही माझ्या लुगड्यांच्या तळाशी. राग जसाच्या तसा आहे, आबा, लिहून तसूभरही कमी झाला नाही. फक्त एक सांगते. मसूर गेलं, तारगाव गेलं, रहिमतपूर आलं, तोवर मी बोलत होते आणि पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती. तेवढी स्टेशनं जाईपर्यंत मला तसा बाप होता, आणि मला लय बरं वाटलं.